काल्निन्शचा करडा समुद्र

लात्वियाच्या राजधानीला, रीगाला गेलं की लोक आधी जुन्या शहरात फिरतात. आम्ही सामान भाच्याच्या खोलीवर टाकलं आणि थेट एस्प्लानाद बागेच्या कडेला असलेलं राष्ट्रीय कला संग्रहालय गाठलं. मला एदुआर्द्स काल्निन्शची चित्रं बघायची होती. लात्वियात समुद्र रंगवणारा चित्रकार म्हटला की हे नाव येतंच. आणि ज्याचं लहानपण हर्णैच्या बंदरावर गेलं, त्याला दुसऱ्या कुणाचा समुद्र बघायची ओढ असणारच.

इमारत सुंदर आहे. विल्हेल्म नॉयमानने आखलेली ही वास्तू 1905 साली उघडली. खास संग्रहालय म्हणून बांधलेली बाल्टिक प्रदेशातली ही पहिली इमारत. मोठ्या दुरुस्तीनंतर 2016 मध्ये ती पुन्हा खुली झाली आणि तेव्हा जमिनीखाली नवी दालनंही आली. वरच्या मजल्यावर आधी भेटतो तो निसर्गचित्रकार विल्हेल्म्स पुर्वीतिस. त्याचा वितळणारा बर्फ, बर्चची झाडं आणि वसंतातलं पुराचं पाणी यांच्यासमोर कितीही वेळ उभं राहता येईल. काल्निन्श या पुर्वीतिसचा विद्यार्थी. हे कळलं की पुढच्या भिंतीवरचा करडा रंग कुठून आला तेही कळतं. वर्षातले कितीतरी महिने रंगच नसलेल्या प्रदेशात राहून गुरूने पांढऱ्यात शंभर छटा शोधल्या, शिष्याने त्या करड्यात शोधल्या.

काल्निन्शचा जन्म 1904 चा, रीगाचाच. 1935 साली त्याने नदीवरून लाकडांचे तराफे नेणाऱ्या माणसांचं चित्र काढलं आणि त्याला रोम पारितोषिक मिळालं. मग तो इटलीत राहून आला. भूमध्य समुद्राचं ऊन बघून आलेला माणूस आपल्या कुंद आकाशाकडेच परत वळला, याचं मला फार अप्रूप वाटलं. युद्धानंतर त्याने इथल्या कला अकादमीत कित्येक वर्षं शिकवलं. अकादमीची लाल विटांची इमारत संग्रहालयाच्या अगदी शेजारी आहे. 1988 मध्ये तो गेला.

मी सर्वांत जास्त वेळ एका समुद्रचित्रासमोर उभा होतो. लांबून ते जवळजवळ एकरंगी वाटतं. खाली शिशासारखं पाणी, वर तसंच आभाळ, मध्ये उजेडाची एक बारीक फट. पहारेकरी बाईंनी हरकत घेतली नाही तेवढा जवळ गेलो आणि पाणी उलगडायला लागलं. रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवलेले. खालून बाटलीच्या काचेसारखा हिरवा डोकावतो, त्यावर थोडा तपकिरी, त्यावर थंड निळसर करडा. लाटेच्या माथ्यावर तेवढा जाड पांढरा, एकाच फटकाऱ्यात ओढलेला. फेस फक्त वाऱ्याच्या बाजूने फाटलेला होता. ज्याने होडीत बसून वारा तोंडावर घेतला आहे त्यालाच हे दिसतं.

भाचा म्हणाला, "मामा, पण इथल्या समुद्राला चवच नाही." दुसऱ्या दिवशी लोकलने यूर्मालाच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. पाणी तोंडात घेतलं तर जेमतेम मचूळ. रीगाच्या आखातात इतक्या नद्या गोडं पाणी आणून ओततात की त्याचा खारेपणा अरबी समुद्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच राहतो. आणि भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आमचं सगळं आयुष्य भरतीच्या वेळेवर चालायचं. इथे किनारा दिवसभर तिथल्या तिथेच. मग समुद्र हलतो कशाने? वाऱ्याने. काल्निन्शच्या चित्रांत विषय समुद्र असला तरी खरा नायक वारा आहे, हे मला त्या पांढऱ्या वाळूवर उभं राहून समजलं. रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य पाण्यावरच होता.

पाऊस पडत होता त्या दिवशी छायाचित्रण संग्रहालयात गेलो. जुन्या शहरातल्या गल्लीत, लहानसं. तळहातात मावणारा मिनॉक्स कॅमेरा रीगात जन्मला हे मला माहीत नव्हतं. वाल्टर त्साप या तंत्रज्ञाने तो घडवला आणि इथल्या व्हेएफ कारखान्यात 1938 च्या सुमारास त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याची निगेटिव्ह 8 × 11 मिलीमीटरची, नखाएवढी. तिथून निघून मध्यवर्ती बाजारात गेलो. झेपेलिन या महाकाय हवाई जहाजांच्या हँगरचे सांगाडे वापरून उभारलेली ती प्रचंड दालनं आहेत. मासळीच्या दालनात धुरावलेले बांगड्याहून लहान मासे सोनेरी रांगेत मांडलेले. हर्णैच्या लिलावाचा गोंगाट मात्र इथे अजिबात नाही.

काल्निन्शचं 'नवी शिडं' हे चित्र 1945 सालचं. वर्ष बघून मी मनात त्याला थोडं बाजूला टाकलं होतं. युद्ध संपलेलं, सोव्हिएत सत्ता आलेली, नावातच उमेद. हुकमी आशावाद वाटला. मग आम्ही गाडी करून कोल्काच्या टोकाला गेलो, जिथे आखात आणि खुला बाल्टिक समोरासमोर येतात आणि लाटा दोन बाजूंनी एकमेकींवर आपटतात. परतीला माझिर्बे गावात थांबलो. हा लिव नावाच्या इथल्या जुन्या समाजाचा किनारा, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोळी. तिथे पाइनच्या जंगलात लाकडी होड्यांचे सांगाडे पडले आहेत. फळ्या निसटलेल्या, वाशांवर शेवाळ. एका होडीच्या नाळेवर हात ठेवला तर लाकूड ओल्या भाकरीसारखं तुटून हातात आलं.

सोव्हिएत काळात हा किनारा सरहद्दीचा पट्टा झाला. संध्याकाळनंतर वाळूवर जायला बंदी होती. कुणी पळून गेलं तर पावलं उमटावीत म्हणून वाळूवर फणी फिरवली जायची. छोट्या गावांची मासेमारी बंद पडत गेली, कोळ्यांनी होड्या जंगलात ओढून आणल्या आणि त्या तिथेच राहिल्या.

रीगाला परतताना मी भाच्याला ते चित्र पुन्हा फोनवर दाखवायला सांगितलं. आता त्याच्यावर हुकमी आशावादाचा शिक्का मारायला मन धजेना. 1945 साली नव्या शिडांची आस धरणाऱ्या माणसांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. आणि पुढचं सगळं कळल्यावरही काल्निन्शने आयुष्यभर समुद्रच रंगवला, तोही त्या वर्षांत, जेव्हा कितीतरी लात्वियन माणसांना अंधार पडल्यावर समुद्राजवळ फिरकता येत नव्हतं.