व्हँकुव्हरच्या वॉर्डात शिकलेलं

इथे नर्स म्हणून लागले तेव्हा ड्रेसिंग, इन्सुलिन, सलाईन सगळं ओळखीचंच होतं, नवीन होतं ते व्यसन असलेल्या पेशंटचं ट्रेनिंग. रस्त्यावरच्या ड्रग्जमध्ये फेंटानिल हे अफूच्या जातीचं फार तीव्र ड्रग आलं आणि ओव्हरडोसने इतकी माणसं जायला लागली की आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2016 मध्ये आरोग्य आणीबाणीच जाहीर केली, त्यामुळे वॉर्ड कुठलाही असो, हे यावंच लागतं.

ओव्हरडोसमध्ये आधी श्वास बघायचा. नॅलोक्सोन, म्हणजे त्या ड्रगवरचा उतारा, द्यायचं, पण ते लागू पडेपर्यंत बॅग-मास्कने श्वास देत राहायचं, आणि पेशंट उठून बसलाच पाहिजे असा हट्ट नाही धरायचा. आजकाल रस्त्यावरच्या ड्रग्जमध्ये बेन्झो, म्हणजे झोप आणणारं औषध, पण मिसळलेलं असतं, त्यावर नॅलोक्सोन चालत नाही, माणूस श्वास नीट घेतो पण झोपलेलाच राहतो.

मला सगळ्यात जास्त पटला तो विड्रॉवल, म्हणजे ड्रग बंद झाल्यावर होणारा त्रास, मोजायचा स्केल, काऊज म्हणतात त्याला. नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, जांभया, थरथर अशी 11 लक्षणं. हातावरून हात फिरवून काटा आलाय का तेसुद्धा बघायचं. स्कोअर पुरेसा वर गेल्यावरच ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधाची पहिली गोळी जिभेखाली, कारण घाई केली तर ती आधीच्या ड्रगला हुसकावून लावते आणि त्रास एकदम भडकतो. पेशंट घामाने भिजलेला, पाय सारखे हलतायत, "अजून किती वेळ" विचारतोय, आणि आपण तिथेच थांबून हे त्याला समजावून सांगायचं, हे खरं कठीण काम. पण आकडा समोर असला की "नाटकं करतोय" म्हणायला जागा उरत नाही. नाहीतर त्रास सहन न होऊन असा माणूस पायातलं इन्फेक्शन तसंच घेऊन निघून जातो हो!

2020 मध्ये प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांच्या आदेशाने ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना व्यसनावरची औषधं लिहून द्यायची परवानगी पण मिळाली.

आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, पण मला काळजी वाटते ती साध्या सर्जिकल वॉर्डची. तिथे मुख्य प्रश्न दारूचा. दारू अचानक बंद झाल्यामुळे ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट थरथरतो, भलतंच बडबडतो, आणि त्याचे हात बांधले जातात. तिकडे नर्सिंग करणाऱ्या मुलींनो, ऍडमिशनलाच, नातेवाईक जरा बाजूला गेले की, "दादा, शेवटची कधी घेतली? रोज किती?" एवढं विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे झटके यायच्या आत औषध आणि बी-वन जीवनसत्त्व सुरू करता येतं.