चित्रात बादली नव्हती

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतली ७ फूट बाय ४ फुटांची बाथरूम. घरात पाच माणसं. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या स्टुलावर बसून आंघोळ करतात. काम आमच्याकडे आलं ते एका दुकानातून काढून आणलेल्या थ्रीडी चित्रासकट: काचेचं पार्टिशन, कमोडशेजारी छतापर्यंतचं कपाट, कोपऱ्यात काचेचे शेल्फ, माळ्यावर बंद दाराआड गिझर. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की असंच करून द्या, फक्त सामानाला जागा भरपूर हवी.

भरपूर म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. म्हणून बाथरूममधलं सगळं सामान बाहेर काढून हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडायला सांगितलं आणि टेप लावला. २० लिटरची बादली तोंडाशी १५ इंच, उंचीही जवळपास तेवढीच. आजींचं स्टूल १४ इंच चौरस, १६ इंच उंच. फिनेलची बाटली १२ इंच, शाम्पूची ९ इंच, वायपरचा दांडा ४ फूट. शिवाय पाण्याचा मग, कपडे घासायचा ब्रश, साबणाच्या वड्या, टिश्यूचे रोल. चित्रात यातली एकही वस्तू नव्हती. बादलीसुद्धा नव्हती.

मग हॉलच्या फरशीवर खडूने ८४ बाय ४८ इंचांचा चौकोन काढला आणि चित्रातली मापं त्यात उतरवली. काचेची रेघ आखली, आत स्टूल आणि बादली ठेवली, आजींना बसवलं. सूनबाई पाठीवर पाणी घालायला उभ्या राहिल्या, तर त्यांचे पाय बरोबर काचेच्या रेघेवर आले. आजींनी हात पुढे करून विचारलं, "मी बसल्यावर साबण कुठून घ्यायचा गं?" चित्रातला शेल्फ ५ फुटांवर होता. खऱ्या बाथरूममध्ये हे कळायला सगळं काम पूर्ण व्हावं लागलं असतं. खडूने ते दहा मिनिटांत कळतं, म्हणून ही पायरी कधी गाळू नये.

काच तिथेच रद्द झाली. ओल्या आणि कोरड्या भागात फक्त अर्ध्या इंचाची ग्रॅनाइटची पट्टी आणि वर पडद्याचा रॉड. कमोडशेजारचं कपाटही गेलं. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान १५ इंच मोकळे लागतात आणि त्या कपाटामुळे एका बाजूला १२च उरत होते. तेवढ्यात बसता येतं, पण हेल्थ फॉसेट (धुण्याचा हातातला फवारा) धरलेला हात फिरत नाही.

८४ इंचांची वाटणी अशी केली: दारापाशी बेसिनचं युनिट २४, कमोड ३०, आंघोळीची जागा ३०. दार ४ फुटांच्या भिंतीत डाव्या बाजूला, चौकटीसकट ३० इंच. उजवीकडे उरलेल्या १८ इंचांच्या आडोशाला १५ इंच खोल युनिट बसलं. दार बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि मदत पोचत नाही.

खरा प्रश्न कोनाड्याचा होता. डावी भिंत साडेचार इंची, पलीकडे बेडरूम. त्यात ४ इंचांचा कोनाडा खणला तर मागे काहीच उरत नाही. उजवीकडची भिंत डक्टची, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या बोळाची. म्हणून तिच्यापुढे कमोडपासून शेवटपर्यंत ६० इंच लांब, ४२ इंच उंच अशी बुटकी भिंत बांधली, टाइलसकट ६ इंच जाड. या एका भिंतीने बरीच कामं केली. कमोडची लपवलेली टाकी आणि नळाचे पाइप तिच्या पोटात गेले, मूळ भिंत फोडावी लागली नाही, आणि वर ५ फूट लांबीचा ग्रॅनाइटचा कट्टा मिळाला. शाम्पू, तेल, उभ्याने आंघोळ करणाऱ्यांचा साबण, सगळं त्यावर. कट्ट्याला मूळ भिंतीकडून बाथरूमच्या बाजूला हलका उतार हवाच, नाहीतर भिंतीच्या कडेला पाणी साचून ग्राउट (सांध्यांतलं भरण) काळं पडतं. कमोड भिंतीवर टांगलेला, २० इंच पुढे येणारा निवडला. त्याच्यापुढे २२ इंच मोकळे राहिले. त्याचं वजन लोखंडी फ्रेमवर, विटकामावर नाही. फ्लशची प्लेट काढली की टाकीची दुरुस्ती तिथूनच होते.

आजींचा कोनाडा याच बुटक्या भिंतीत, आंघोळीच्या जागी. १२ इंच रुंद, १० इंच उंच, ४ इंच खोल, तळ जमिनीपासून २४ इंचांवर. १६ इंचांच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात न ताणता तिथे पोचतो. पाइप कोनाड्याला वळसा घालून नेले, आणि प्लास्टरआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. पुढे हूक मारायला ड्रिल लावताना पाइप कुठे आहे, ते फोटोतच दिसतं. स्पाउट, म्हणजे बादली भरायचा नळ, २४ इंचांवर, म्हणजे खाली बादली बसून वर हात घालायला जागा राहते.

बेसिनखालच्या युनिटला बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय वापरला, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट. पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा सील केल्या. प्लाय फुगतो तो बहुधा इथूनच. युनिटचा तळ जमिनीपासून १२ इंच वर, त्यामुळे खालून वायपर फिरतो. वरचा ड्रॉवर बॉटल ट्रॅपभोवती (बेसिनखालच्या सांडपाण्याच्या बाटलीसारख्या भागाभोवती) इंग्रजी यू आकारात कापला, खालच्याची उंची फिनेलची बाटली मावेल एवढी. आरसा म्हणजे ५ इंच खोल कपाट: औषधं, दाढीचं सामान, ब्रश.

वरच्या मजल्याच्या बाथरूमचा स्लॅब खाली उतरलेला असल्यामुळे इथे छत सव्वाआठ फुटांवर. ७ फुटांवर माळा काढला तर वर १५ इंच उरतात. एवढ्यात बंद दाराआड गिझर कोंबला, तर एलिमेंट बदलायला हात जात नाही आणि टाकीच खाली उतरवावी लागते. १५ लिटरचा उभा गिझर म्हणून कमोडच्या वर, मूळ भिंतीत बोल्ट मारून टांगला, ७२ इंचांवर. सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी पाइपने सांडपाण्याच्या जाळीपर्यंत. १६ अँपिअरचा स्विच बाहेर, सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. माळ्यावर फक्त हलकं आणि कोरडं: टिश्यू, जादा बादली.

टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि खालच्या घरी जाऊन छत पाहिलं. आंघोळीच्या जागेत उतार फुटाला पाव इंच, जाळी कोपऱ्यात, स्टुलाचे पाय तिच्यावर येणार नाहीत अशी. एक्झॉस्ट ६ इंची, पण दाराखाली पाऊण इंच फट सोडली. आत हवा आली नाही तर पंखा नुसता फिरतो आणि कपाटात बुरशी धरते. वायपर मात्र शेवटपर्यंत कुठेच मावेना. तो युनिटच्या दाराकडच्या बाजूला, उंचावर हूक मारून लटकवला, रबर खाली, म्हणजे पाणी जमिनीवरच निथळतं.