कॅमेऱ्याला जिथे आत घेतलं नाही

रविवार, रात्री

'ब्लड, स्वेट अँड टेकअवेज' आज सलग बघून संपवली. बीबीसी थ्रीची २००९ सालची मालिका. सहा ब्रिटिश तरुण मुलंमुली इंडोनेशिया आणि थायलंडला जातात आणि त्यांच्या देशात स्वस्तात मिळणारे ट्यूना, कोळंबी, तांदूळ, चिकन जिथून येतात तिथे मजुरी करतात. रिअ‍ॅलिटी शोपासून मी एरवी लांबच असते.

ट्यूनाचं काम डोक्यातून जात नाहीये. वाफवलेला मासा समोर येतो. सुरीने कातडी खरवडायची, काटा काढायचा, काळपट मांस बाजूला करायचं आणि पांढरं शक्यतो अख्खं ठेवायचं, कारण माणसांच्या डब्यात तेच जातं. पाळी संपेपर्यंत उभ्यानेच. विशीतली धडधाकट मुलं या कामाला पुरी पडत नाहीत, तेव्हा समजतं की रोज हे करणाऱ्या बायकांच्या हातात केवढं कसब आहे. आणि त्या कसबाला मोल जवळजवळ नाहीच. मालिकेने मात्र पाहुण्यांच्या रडण्या-भांडण्यांना जितका वेळ दिला, तितका या बायकांना दिला नाही. याचा मला राग आला.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. ज्या मालकाने कॅमेरा आत येऊ दिला, त्याच्याकडचं हे चित्र. जिथे येऊ दिला नाही तिथलं?

ते कळायला २०१५ उजाडलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या चार महिला पत्रकारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना या बेटावरच्या गावात पिंजऱ्यात कोंडलेले मासेमारी कामगार शोधून काढले. बहुतेक म्यानमारचे, दलालांनी फसवून आणलेले. त्या बातम्यांनंतर दोन हजारांहून जास्त जण सुटले. एक जण तर २२ वर्षांनी आईला भेटला. त्याच वर्षी त्यांनी थायलंडमधल्या कोळंबी सोलण्याच्या शेडबद्दलही लिहिलं: पहाटे दोनला दारावर लाथ, मग सोळा तास बर्फाच्या पाण्यात हात, आणि माणसाला नावाऐवजी नंबर.

हे कुणा एकाच्या क्रूरपणाने होत नाही. किनाऱ्याजवळचे मासे उपसून संपले की बोटी लांब जातात, डिझेलचा खर्च वाढतो, पण सुपरमार्केट भाव वाढवून देत नाही. मग काटछाट कुठे करणार? डिझेलवाला उधारी थांबवेल, खलाशी कुठे जाणार? तो समुद्रात आहे.

जानेवारी २०१९ मध्ये थायलंडने मासेमारी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला. चांगलंच झालं. पण अशी मालिका पुन्हा कुणी काढणार असेल, तर या वेळी उलटं करावं. त्या ट्यूनावाल्या बायकांना लंडनला न्यावं, सुपरमार्केटच्या खरेदी विभागात, जिथे डब्याचा भाव ठरतो त्या टेबलाशी बसवावं, आणि कॅमेरा पूर्ण वेळ त्यांच्यावर ठेवावा.