काळ्या जमिनीत गोठ्याचं फाटक

फाटक लोळलं की लोक बिजागरी बदलतात. खानदेशातल्या काळ्या रानात बहुतेक वेळा दोष खांबाचा असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतो. खड्डा किमान तीन फूट घ्या. मुरूम लागला तर उत्तमच. निघालेली काळी माती परत भरू नका. मुरूम आणि दगडगोटे सहा-सहा इंचांच्या थरांनी पहारीने ठासा. खांबाचा माथा उतरता कापा, पाणी मुरणार नाही.

दहा फुटी फाटकाला चार फूट उंची पुरते. शेळ्या-वासरं असतील तर खालच्या पट्ट्यांमध्ये चार इंचांहून जास्त फट नको. बाभूळ चिवट, पण खिळ्याने फाटते. आधी गिरमिटाने भोक पाडून वायसरसकट बोल्ट घाला.

सगळा जीव तिरप्या पट्टीत आहे. ती खालच्या बिजागरीपासून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत चढती हवी, म्हणजे वजन दाबाने खांबाकडे उतरतं. उलटी लावली की पट्टी ओढली जाते, सांधे सुटतात.

टांगताना खालच्या बिजागरीची, खांबातली खुंटी टोक वर ठेवून बसवा, वरची टोक खाली करून. नाहीतर बैल शिंगाने फाटक उचलून सहज काढतो. खाली चार इंच मोकळे सोडा. ओलं लाकूड वापरलं असेल तर मे महिन्यात ते आकसतं. तेव्हा सगळे बोल्ट पुन्हा आवळाच.