आंबा, बांज आणि आमची नर्सरी

घोडबंदर रोडला ओवळ्याच्या पुढे आमची नर्सरी आहे. 1997 साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाड्याच्या बारा गुंठ्यांत ती उभी केली. त्याआधी ते गुहागरकडच्या आमच्या गावात हंगामात लोकांची कलमं बांधून द्यायचे. ठाण्यात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी चारशे कोय कलमं बांधली. मी तेव्हा अकरावीत होतो. कॉलेज सुटलं की गोणपाटावर बसून त्यांना पट्ट्या कापून द्यायचो.

कोय कलम म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात रुळवलेली पद्धत. कोय रुजून आठ-पंधरा दिवस झाले की रोपाची पानं तांबूस असतात आणि खोड अजून कोवळं असतं. तेव्हाच त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या तीन-चार महिन्यांच्या काडीला खाली पाचरीसारखा काप घ्यायचा आणि ती चिरेत बसवून पट्टी आवळायची. अण्णांचा चाकू एका ओढीत पाचर काढायचा. दुसरा हात फिरवला की कापाचा पृष्ठभाग ओबडधोबड होतो आणि जोड धरत नाही, हे त्यांनी मला बहुतेक हजार वेळा सांगितलं असेल. त्या वर्षी चारशेतली अडीचशेच्या वर जगली आणि गणपतीनंतर सगळी विकली गेली.

2005 च्या 26 जुलैला नाल्याचं पाणी आत शिरलं. फुलझाडं गेली, कलमं बरीचशी वाचली. त्यावर फार बोलत नाही, त्या दिवशी आमच्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान लोकांचं झालं.

आमच्या धंद्याला खरं वळण लागलं ते 2011 मध्ये. घोडबंदरला टॉवर उभे राहू लागले आणि बंगल्यांऐवजी सोसायट्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. एका सोसायटीने पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर केलेल्या बागेत, अठरा हापूस लावून घेतले. माती जेमतेम अडीच फूट. ड्रिपने रोज दोन वेळा पाणी, खत वेळच्या वेळी. तीन वर्षं झाडं अशी तरारली की फोटो काढावेत. मोहोर मात्र एकालाही नाही. कमिटीने बोलावून घेतलं आणि बनावट कलमं दिलीत असं तोंडावर सांगितलं. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन गेलो. ते एका झाडाजवळ उकिडवे बसले, मातीत बोट खुपसलं, पार मधल्या पेरापर्यंत ओल. वर बघून म्हणाले, "हे झाड झोपायचं कधी?"

गावाकडच्या जुन्या हापूसला पावसाळ्यानंतर कुणी पाणी घालत नाही. ऑक्टोबरात पाऊस संपतो, जमीन सुकत जाते, पालवी निबर होते. मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गारठू लागल्या की फांदीच्या डोळ्यातून पानाऐवजी मोहोर निघतो. झाडाला हा ताण बसलाच नाही, रोज पाणी मिळत राहिलं, तर ते पालवीवर पालवी काढत बसतं. आम्ही ऑक्टोबरपासून ड्रिप बंद करायला लावलं आणि कैरी वाटाण्याएवढी झाल्यावरच पुन्हा सुरू केलं. जानेवारीत अठरापैकी अकरा झाडं मोहोरली. तेव्हापासून कुठलंही मोठं झाड द्यायच्या आधी आम्ही विचारतो, माती किती खोल आहे, ऊन किती तास आहे आणि पाण्याचा नळ कोणाच्या हातात आहे. काही गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात. जाऊ देत.

ओकबद्दल विचारणारी माणसं आमच्याकडे नेहमीच येतात. लंडनला मुलाकडे जाऊन आलेले, तिकडच्या बागांतले प्रचंड ओक पाहिलेले. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून यात एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. एका घाऊक पुरवठादाराकडून आलेली सिल्व्हर ओकची रोपं मी एका बंगल्यावाल्यांना ओक म्हणूनच दिली. मला तेव्हा फरक माहीत नव्हता. सिल्व्हर ओक हे मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड, आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात. ओकच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. कळलं तेव्हा मी जाऊन पैसे परत केले आणि त्यानंतर प्रत्येक झाडाचं कूळ विचारायची सवय लावून घेतली.

खरा ओक माझ्या हातात आला तो 2018 च्या जानेवारीत. वसंत विहारच्या एक काकू आल्या. रुमालाची गाठ सोडली तर आत बारा फळं, सुपारीपेक्षा लहान, बुडाशी वाटीसारखी टोपी. कुमाऊंतल्या बांजची, म्हणजे हिमालयातल्या ओकची. काका लष्करात असताना दोघं तिकडे राहिलेले. काका गेल्यावर त्या एकदा जाऊन आल्या आणि ते घर होतं त्या उतारावरून ही फळं वेचून आणली. "यातलं एक तरी झाड माझ्या खिडकीखाली होईल का रे?" असं त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. आठवडाभर जमेल तेवढं वाचलं.

सगळ्यात आधी मला जाणवलं ते दोघांतलं साम्य. आंब्याची कोय वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही, सुकली की मेली. ओकच्या फळाचंही तसंच. दोघंही आधी सोटमूळ खाली सोडतात आणि मग वरचा विचार करतात, म्हणून दोघांनाही पिशवीपेक्षा जागेवर रुजवणं मानवतं. दोघंही सलग वाढत नाहीत. एक पालवी काढायची, थांबायचं, मग दुसरी.

फरक आहे तो विश्रांतीत. आंब्याला कोरडेपणा आणि जराशी थंडी पुरते, पण दहिवर गोठलं तर कोवळं कलम जळून जातं. विलायती ओकचा सगळा संसारच हिवाळ्यावर उभा असतो. शून्याखाली दहा-पंधरा अंशांतही तो तग धरतो. दिवस लहान होऊ लागले की पानं गाळून निजतो. लंडनचा सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी, सर्वांत मोठा साडेसोळा तासांच्या वर. आपल्या ठाण्यात हाच फरक अकरा ते सव्वातेरा तासांचा. निजायची वेळ झाली हे त्या झाडाला इथे सांगणार कोण? पावसाचंही तेच. लंडनला वर्षभर थोडाथोडा मिळून सहाशे मिलीमीटर, आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजारांच्या आसपास.

बांज त्या मानाने आपल्याला जवळचा. तो कधी बोडका होत नाही आणि पावसाळाही जाणतो. पण तो राहतो हजार-बाराशे मीटरच्या वर, उतारावर, पाणी निथळून जाणाऱ्या आणि पानांच्या कुजलेल्या थराने भुसभुशीत झालेल्या मातीत. ओकच्या मुळांना विशिष्ट बुरशींची सोबत लागते, आंब्याच्या मुळांची सोबत वेगळ्या बुरशींची. आमच्या लाल मातीत ओकचे सोबती मिळणार कुठून!

तरी लावली. बारांतली चार पाण्यावर तरंगली, ती आतून किडलेली होती. आठांतली पाच उगवली. मे महिन्यात पानांच्या कडा कागद जळावा तशा करपल्या, पावसाळ्यात दोन रोपं मुळाशी कुजली, पुढच्या वर्षी आणखी दोन. उरलेलं एक मी उंच वाफ्यात, शेडनेटखाली हलवलं, खाली विटांचे तुकडे घातले. त्याच जूनमध्ये शेजारी एक रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय लावली होती, नुसती ताडून पाहायला.

काकूंना मी दुसऱ्या वर्षीच स्पष्ट सांगितलं की खिडकीखाली बांज होणार नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझ्या माहेरचा रायवळ आहे, चोखायचा, त्याची कोय आणली तर? मे महिन्यात त्यांनी ती आणली. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत स्लॅब नाही, खरी जमीन आहे, तिथे आम्ही ती जागेवरच रुजवली. आता तिची उंची दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागायला आली आहे.

नर्सरीतला बांज अजून माझ्या कमरेएवढासुद्धा नाही, शेजारचा रायवळ शेडनेटच्या कधीच बाहेर गेला. तीन-चार जणांनी बांजची किंमत विचारली. तो विकायला ठेवलेला नाही. काकू दर जानेवारीत एकदा येतात. प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात, एक पान उलटं करतात आणि त्याच्या पाठीवरच्या पांढुरक्या लवीवर अंगठा फिरवत राहतात. मी चहा सांगतो.