साडेतीन मीटरचं खोटं उधाण

फेब्रुवारी, कृष्ण द्वितीया, वारा जेमतेम. तरी सकाळी साडेदहाला सर्व्हरने उत्तर कोकणातल्या एका जेट्टीसाठी इशाऱ्याचा मसुदा काढला: पाणी अंदाजापेक्षा अर्धा मीटर वर. बाराला फरक तीन मीटरच्या घरात.

तिथे जेट्टीबाहेर काढलेल्या दांड्यावर रडार सेन्सर आहे. तो पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. चार्ट डेटमपासूनच्या (सागरी नकाशातल्या शून्य पातळीपासूनच्या) सेन्सरच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी मिळते. मिनिटाची सरासरी दर 15 मिनिटांनी मोडेमवरून येते. पहिला संशय होडीचा. सेन्सरखाली होडी लागली की आलेख पायरीसारखा चढतो. उधाणातही पाव तासात पाणी 20-25 सेंमीच चढतं, म्हणून 50 सेंमीच्या वरची उडी आम्ही बाद करतो. इथे उडीच नव्हती. चढ अगदी गुळगुळीत, खऱ्या वादळात असावा तसा.

जेट्टीवर फोन केला. रखवालदार म्हणाला, "रोजच्यासारखंच आहे साहेब, दीडला भरेल." बरोबरच, भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट: द्वितीयेच्या दोनाची पाऊणपट म्हणजे दीड. मग शेवटच्या नोंदीची वेळ पाहिली: सकाळचे साडेसहा. मोडेम रखडलाय समजून सगळ्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

सव्वादहाला लॉगर, म्हणजे सेन्सरची मापं वेळेसकट नोंदवणारा डबा, बदलला होता. जुन्याचं घड्याळ भारतीय वेळेवर, नव्याचं यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. सर्व्हरवरची स्क्रिप्ट मात्र जुन्याच समजुतीत, त्यामुळे बाराचं पाणी साडेसहाच्या अंदाजाशी ताडलं जात होतं. दोन भरत्यांत 12 तास 25 मिनिटं. साडेपाच तास सरकलं की ओहोटीच्या जागी जवळजवळ भरतीच येते. त्यामुळे एकच्या सुमारास फरक साडेतीन मीटर झाला, म्हणजे त्या दिवशीच्या भरती-ओहोटीतलं जवळपास सगळं अंतर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतलं अंतर कमी असताना, हाच घोळ निम्म्याने दिसला असता आणि कदाचित खपूनही गेला असता.

त्याहून वाईट म्हणजे नव्या नोंदींनी पहाटे पावणेपाचपासूनच्या खऱ्या नोंदी पुसल्या. त्या जुन्या लॉगरच्या कार्डावरून परत भरल्या. आता कच्च्या नोंदींचा तक्ता वेगळा. त्यात फक्त भर पडते, काही खोडलं जात नाही. प्रत्येक नोंदीबरोबर ती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळही ठेवतो. नुसता उशीर झाला म्हणून नोंद अडवता येत नाही, कारण रेंज गेली की साचलेल्या नोंदीही उशिराच येतात. पण तो उशीर हळूहळू मिटतो. मोडेमवरून पाठोपाठ आलेल्या चार संदेशांत तो तेवढाच राहिला, तर त्या स्थानकाचा इशारा अडतो आणि लॉगरचं घड्याळ तपासायला फोन जातो.