पिकअपचे हेडलाइट घरी उघडले: माझा अनुभव

आमचा पिकअप ट्रक आठवड्यातून तीन रात्री कोल्हापूरहून भाजीपाला भरून आंबा घाट उतरतो आणि पहाटेपर्यंत रत्नागिरीच्या बाजारात पोहोचतो. गाडी बहुधा माझा धाकटा भाऊ चालवतो. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस उजव्या हेडलाइटच्या काचेवर आतून दव धरू लागले आणि घाटातल्या धुक्यात आधीच अपुरा असलेला उजेड आणखी विखुरला जाऊ लागला. भाऊ रात्री त्या रस्त्यावर असताना मला घरी झोप लागत नसे, म्हणून हे काम मी स्वतःच हाती घेतले.

पहिली दुरुस्ती मी चुकीची केली. काच आणि मागचा डबा जिथे जोडले जातात त्या सांध्यावर मी बाहेरून सिलिकॉन फासले आणि डब्याच्या मागे असलेल्या छोट्या रबरी नळीतून पाणी शिरत असावे असे समजून तिचे तोंडही बंद केले. आठ दिवसांनी काचेच्या तळाशी अर्धा चमचा पाणी साचलेले दिसले. ती नळी म्हणजे हेडलाइटचे नाक आहे, हे मला नंतर कळले. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि विझला की आकुंचन पावते. हवेचे सरासरी तापमान २७ अंशांवरून ८७ अंशांवर गेले तर तिचे आकारमान २० टक्क्यांनी वाढते, म्हणजे तीन लिटरच्या डब्यातून सुमारे ६०० मिलिलिटर हवा बाहेर जाते आणि थंड होताना तेवढीच परत ओढली जाते. नळी उघडी असेल तर ही ये-जा तिच्यातून होते. ती बुजवली की डबा सांध्यातल्या एखाद्या सूक्ष्म फटीतून श्वास घेतो, आणि त्या फटीवर पावसाचे पाणी असेल तर हवेऐवजी पाणीच आत खेचले जाते. शिवाय मी वापरलेले सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचे होते. सुकताना त्यातून सुटणारे आम्ल परावर्तकावरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीवरचा, ॲल्युमिनियमचा पातळ थर खराब करू शकते, त्यामुळे दिव्याच्या कामात असे सिलिकॉन वापरूच नये.

पाऊस संपल्यावर नोव्हेंबरमध्ये दोन्ही हेडलाइट उघडायचे ठरले. आतली क्रोमची चौकट मॅट काळ्या रंगाने रंगवावी ही भावाची जुनी हौस होती आणि उघडणारच आहोत तर तेही करावे, असे मला वाटले. बल्ब मात्र मूळचाच, ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन ठेवायचा, हे मी आग्रहाने सांगितले. शंभर वॅटचा बल्ब होल्डर वितळवू शकतो आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवतो. ज्या परावर्तकाची रचना हॅलोजनच्या तारेसाठी केलेली आहे त्यात एलईडी बसवला तर झोत विस्कटतो, आणि एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या बाजूला जात असल्याने काचेवरचे दव लवकर उडत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

बॅटरीची ऋण तार सोडवून, समोरची जाळी काढून हेडलाइट बाहेर काढण्यास अर्धा तास लागला. मागचे स्क्रू आणि कडेच्या क्लिपा काढल्यावर खरे काम सुरू झाले. काच बुटाइल या चिकट काळ्या रबराने खाचेत बसवलेली होती आणि ते शंभर अंशांच्या आसपास चांगले मऊ होते. काच म्हटले तरी ती पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते आणि साधारण १५० अंशांच्या जवळ आकार सोडू लागते, त्यामुळे हीट गन एका जागी न धरता कडेने सतत फिरवत राहावी लागली. मी गरम करत होतो आणि भाऊ लाकडी पाचरीने काच तसूतसूने उचलत होता. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरण्याचा मोह आम्ही टाळला, कारण खाचेच्या भिंतीला एक तडा गेला की पाण्याला कायमची वाट मिळते. परावर्तकाला तर हात किंवा फडकेही लावले नाही, कारण त्यावरचा थर साध्या पुसण्यानेही निघतो.

डबा उघडल्यावर उजव्या बाजूची दुसरी, खालची नळी मला प्रथमच नीट दिसली. तिच्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते आणि ती पूर्ण बुजली होती. दव धरण्याचे मूळ कारण तिथे होते. वरची नळी मी स्वतः बुजवून दुखण्यात भर घातली होती.

चौकट चारशे आणि सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासली, प्लॅस्टिकचा प्रायमर मारला आणि उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे तीन पातळ हात दिले. रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला म्हणून मी लगेच जोडणी केली, आणि ही माझी दुसरी चूक ठरली. आठवड्याभरात काचेवर आतून दुधाळ पडदा आला. तो पाण्याचा नव्हता. दव दिवा लावल्यावर काही मिनिटांत विरते, हा पडदा मात्र उजेडाच्या उष्णतेने वाढतच गेला, कारण अर्धवट सुकलेल्या रंगातली द्रव्ये तापून काचेवर बसत होती. डिसेंबरमध्ये सगळे पुन्हा उघडावे लागले. या वेळी चौकट आठवडाभर उन्हात बंद केबिनमध्ये ठेवली आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत हात लावला नाही.

जुने बुटाइल धूळ खाल्लेले असल्यामुळे ते खाचेतून कोरून काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसली आणि नवी बुटाइलची दोरी कुठेही न ताणता फिरवली. तिची दोन टोके एकमेकांवर चढवून ती जोड काचेच्या वरच्या बाजूला घेतली, म्हणजे पाणी साचण्याच्या जागी जोड येत नाही. मग पुन्हा उष्णता देऊन, काच दाबून, क्लिपा आणि स्क्रू लावून एक रात्र तसेच ठेवले.

सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तशीच आम्ही परीक्षा घेतली. बल्बची जागा आणि एक नळी तात्पुरती बंद केली, हेडलाइट पाण्याच्या घमेल्यात कडेपर्यंत बुडवला आणि दुसऱ्या नळीत तोंडाने हलकेच फुंकले. डाव्या दिव्याच्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले, तो भाग पुन्हा तापवून दाबला आणि ते थांबले. त्यानंतर दोन्ही नळ्या मोकळ्या करून त्यांच्या तोंडाशी विरळ फोमचे तुकडे बसवले, जेणेकरून हवा जाईल आणि माशी जाणार नाही. आत सिलिका जेलची पुडी ठेवण्याचा सल्ला मला मिळाला होता, पण ओलावा शोषून भरलेली पुडी तापली की तोच ओलावा परत सोडते, म्हणून मी ती ठेवली नाही.

शेवटी झोत जुळवला. भाजीचे वजन मागे पडले की पुढचा भाग उचलला जातो, म्हणून नेहमीएवढा माल भरून गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली आणि खालच्या झोताची वरची रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली आणली.

यंदाच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढे दव दिसले आणि घाटाखालचे साखरपा गाव येईपर्यंत ते गेले, असे भावाने फोनवर सांगितले. तेव्हापासून पाणी दिसलेले नाही. दर महिन्याला मी फोम काढून नळ्यांत मऊ तार फिरवतो. ऑगस्टमध्ये डाव्या नळीच्या तोंडाशी ओल्या मातीचा नवा गोळा लागलेला होता, तो काढून फोम बदलला.